दारात येऊन थांबणारी फटफटी

या ग्रुपवरचे अनुभव मी नेमाने वाचतो आणि, राग मानू नका, बऱ्याचदा हसतो. अमावस्या, पिंपळ, पांढऱ्या साडीतली लिफ्ट मागणारी बाई... एकांना तर मी कॉमेंटमध्ये विचारलं होतं, की भूत मागं बसल्यावर गाडीचं मायलेज किती पडलं. त्यांनी मला ब्लॉक केलं. बरोबरच केलं म्हणा.

माझा उभा जन्म आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकवण्यात गेला. नव्या पोरांना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट सांगायचो — गाडी बंद पडायला दोनच कारणं असतात, एक पेट्रोल नाहीतर करंट. तिसरं कारण शोधतो तो मेकॅनिक नाही, भगत. शिवाय आमचं घर बौद्ध. भूत-खेत, अंगात येणं, उतारा टाकणं, या गोष्टी आमच्या दादांनी — म्हणजे वडिलांनी — घराच्या उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिल्या नाहीत. तेव्हा आता जे लिहितोय ते कुणाला घाबरवायला नाही. दुसऱ्याला हसलो तसं मलाही हसा, पण आधी पुरतं वाचा, एवढंच.

आमचं घर परभणीत, गंगाखेड रोडच्या अंगाला. दादा मलेरिया खात्यात होते. गावोगाव फिरून तापाच्या पेशंटचं रक्त काचेवर घ्यायचं, गोळ्या द्यायच्या, डबकी बघायची. सगळी वस्ती त्यांना मलेरियासाहेब म्हणायची. त्यांच्याकडं एक जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल होती. आमच्याकडं तिला फटफटीच म्हणत. तिचा सायलेन्सर फुटला होता तिथं दादांनी वेल्डिंग करून पत्र्याचं ठिगळ मारलं होतं. ते ठिगळ चालताना झणझणायचं, त्यामुळं शंभर गाड्यांत ही गाडी ओळखू यायची.

ही गाडी ओव्हरफ्लोच्या रोगाची. पेट्रोल चालू राहिलं की कार्बोरेटर भरून वाहायचा, प्लग ओला व्हायचा आणि सकाळी किका मारून मारून माणूस घामाघूम. म्हणून दादांची एक पद्धत होती. आमच्या घराच्या अलीकडं, वळणावर पिठाची गिरणी आहे. गिरणीपाशी आले की दादा चालत्या गाडीवरच वाकून पेट्रोलचा कॉक बंद करायचे. कार्बोरेटरमध्ये जेवढं पेट्रोल उरलं असेल तेवढ्यावर गाडी पुढं यायची. पेट्रोल संपत आलं की इंजिन एकदा जोरात चढतं, दिवा विझताना मोठा होतो ना, तसं. आणि मग बंद. उरलेलं अंतर गाडी नुसती घरंगळत यायची आणि बरोबर आमच्या दारात थांबायची. एक हात इकडं नाही, एक हात तिकडं नाही. मग स्टँड लावल्याचा खट्ट आवाज. ब्रेक मारताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

आमच्या मायला घड्याळ कळत नव्हतं, पण हा आवाज कळायचा. इंजिन चढलं की ती रांजणातून तांब्या भरायची. दादा दारातल्या दगडावर उभे राहायचे, ती पायावर पाणी ओतायची, मग ते आत यायचे. ते जेवले की ती जेवायची.

आता अठ्ठ्याहत्तर साल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव आमच्या वस्त्या पेटायला लागल्या. माझी आत्या मानवतच्या पलीकडं एका खेड्यात दिली होती. तिला आणायला म्हणून दादा फटफटीवर गेले, ते परतले नाहीत. दिवसांवर दिवस गेले. कुणीतरी येऊन सांगितलं, रस्त्याच्या कडेला एक मोटरसायकल जळून पडलीय आणि बाजूला माणूस. झालं... बायका जमल्या. असल्या रीती आपण सोडल्यात, असं म्हणायचं कुणाला सुचलं नाही. त्यांनी मायच्या हातातल्या बांगड्या फोडल्या.

आणि नंतर एका सकाळी गिरणीकडून ठिगळाचा झणझणाट आला. इंजिन चढलं, विझलं, दारात खट्ट झालं. दादा उभे, मागं आत्या. पोखर्णीकडच्या एका मराठा शेतकऱ्यानं त्यांना आपल्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या गोठ्यावर, लपवून ठेवलं होतं, भाकरी पुरवली होती. माय उघड्या हातांनी तांब्या घेऊन बाहेर आली. दादांनी तिचे हात बघितले आणि तसेच माघारी गावात गेले, कासाराला घेऊन आले. हिरव्या बांगड्या स्वतः समोर बसून भरवल्या.

त्या दिवसापासून मायचा लोकांच्या तोंडावरचा विश्वास उडाला. ती म्हणायची, "मानसं कायबी बोलतेत. फटफटी खोटं बोलत न्हाई."

त्यानंतर सात-आठ वर्षांनी, ऐन पावसाळ्यात, दादा गंगाखेड तालुक्यात ड्यूटीवर होते. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. गंगा भरून चालली होती. पलीकडच्या गावात तापाची साथ होती म्हणून दादा होडीत बसले, आणि मधे होडी उलटली. बाकीची माणसं सापडली, कुणी जिवंत, कुणी नाही. दादा सापडलेच नाहीत. गळ टाकले, खालच्या गावांना निरोप गेले, मी स्वतः काठाकाठानं कितीतरी लांब चालत गेलो... काही नाही. अलीकडच्या तीरावर बाभळीखाली त्यांची गाडी तेवढी स्टँडवर उभी होती.

गाडी सुरू होईना. किक मारली की कार्बोरेटरमधून पेट्रोल टपटप खाली. मी म्हटलं, कुणी हात लावला असेल, कॉक चालू राहिला असेल, वर पाऊस. शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घरी आणली. वस्तीतल्या लोकांनी ट्रॉलीतली गाडी बघितली आणि रडायला सुरुवात केली. माय रडली नाही. तिनं विचारलं, "त्यांला कुनी बघितलं का?"

कुणीच बघितलं नव्हतं.

"मागल्या बारीलाबी तुमी असंच म्हनले व्हते. आले न्हाईत का मंग?"

आम्ही समजावलं, नातेवाइकांनी समजावलं. पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावानं असतो तो, कार्यक्रम करायचा म्हटलं की ती उठून जायची. एकदा मला जवळ बसवून ती अगदी शांतपणे बोलली. "पर्काशा, मला येडी समजू नकोस. गंगेला पानी किती व्हतं ते मला ठाव हाय. पर जे घरी आलेच न्हाईत, त्यांला गेले कसं म्हनायचं? तू सांग, म्या म्हनते."

आयटीआयमध्ये हे शिकवत नाहीत.

खरी काळजी वेगळीच होती. दुपारचं जेवण ती दादांच्या मागून जेवायची, ते तिनं बंद केलं. ताट करून झाकून ठेवायची आणि उंबऱ्यात बसायची. संध्याकाळी कुणी फारच पाठीस लागलं तर चतकोर भाकरी पाण्यासंगं गिळायची. बघता बघता हिरव्या बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, शरीरात रोग काही नाही, पण असंच चाललं तर ही बाई हिवाळा काढणार नाही.

माझी थोरली बहीण सुनंदा, आमची अक्का, मानवतला दिलेली. ती सासरहून आली आणि तिनं उपाय काढला.

"तू ती फटफटी नीट कर आन् रोज चालव. येताना जाताना आवाज होऊ दे. आवाज आला म्हंजी दादाच आले असं न्हाई, हे तिच्या कानाला कळू दे."

"अक्का, लय लागंल मायला."

"लागू दे. उपाशी मरन्यापरीस बरं."

पटत नव्हतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. मी गाडी उघडली.

इथून पुढं जरा मेकॅनिकची भाषा येईल, चालवून घ्या. ओव्हरफ्लोचं कारण साधं असतं. कार्बोरेटरमध्ये एक फ्लोट तरंगतो. पेट्रोल भरलं की तो वर येतो आणि सुईनं पेट्रोलची वाट बंद करतो. सुई झिजली, खाली कचरा अडकला किंवा फ्लोटला भोक पडलं, तर पेट्रोल थांबत नाही. मी सुई नवीन टाकली. फ्लोट गरम पाण्यात बुडवून पाहिला, एक बुडबुडा आला नाही. जेट फुंकले, टाकी धुतली, प्लग स्टोव्हवर तापवून कोरडा केला. करंट बघितला, निळाशार. कॉक बंद करून, अॅक्सिलेटर पूर्ण पिळून किका मारल्या. गाडी दोनदा खोकली आणि बंद. कॉक चालू केला की परत टपटप.

मग मी गाडी ढकलत आयटीआयमध्ये नेली. तिथं आम्ही उलटी परीक्षा घेतली. दादांच्या गाडीचा कार्बोरेटर काढून तसल्याच दुसऱ्या गाडीला लावला. ती पहिल्या किकला सुरू, एक थेंब गळेना. त्या गाडीचा चांगला कार्बोरेटर दादांच्या गाडीला लावला, तर तो वाहायला लागला. आमचे सीनियर इन्स्ट्रक्टर, ज्यांच्या हातून हजार इंजिनं गेली असतील, त्यांनी हात पुसले. म्हणाले, "हे होत नसतं." मी म्हटलं, "सर, होतंय." ते म्हणाले, "घरी घेऊन जा. मला दाखवूच नको."

धम्मचक्राचा दिवस होऊन गेला होता. दुपारी ऊन चटचट लागायचं. त्या दिवशी मी सुट्टी टाकून दाराजवळच्या पत्र्याच्या सावलीत बसलो होतो. गाडीचा कार्बोरेटर परत काढलेला, अर्धा माझ्या हातात, अर्धा रॉकेलच्या ताटलीत. हे लक्षात ठेवा — कार्बोरेटर गाडीला नव्हताच. माय उंबऱ्यात मूग निवडत होती, शेजारी झाकलेलं ताट. अक्का आत चुलीपाशी. समोरच्या घरात रहीमचाचा टेलर. त्यांची मशीन दिवसभर चालायची.

पहिल्यांदा मला वाटलं, चाचांच्या मशीनचाच आवाज.

मग ठिगळ झणझणलं.

माझ्या हातात फ्लोट होता, तो तसाच राहिला. आवाज गिरणीकडून येत होता. मी त्या आवाजात लहानाचा मोठा झालो, कुणी मला झोपेतून उठवून ऐकवला तरी मी चुकणार नाही. तो जवळ आला, चाचांच्या भिंतीवर आदळून आमच्याकडं परतला. चार घरं अलीकडं इंजिन चढलं... चढलं आणि विझलं. मग नुसत्या टायरखाली खडी चिरडल्याचा आवाज, चेन फिरल्याची सळसळ. ती पुढं येत येत आमच्या दारात थांबली.

खट्ट.

रस्ता रिकामा होता. लखलखीत ऊन, समोर एक कुत्रं झोपलेलं. ते उठून बाजूला सरकलं, एवढंच मी डोळ्यांनी बघितलं. आणि वास आला — पेट्रोलमध्ये ऑइल जळाल्याचा, टू-स्ट्रोकच्या धुराचा. दादा आले की घरभर व्हायचा तो.

चाचांची मशीन बंद झाली होती. गळ्यात टेप अडकवलेले ते पायरीवर आले. "क्या बेटा, मलेरियासाब आए क्या?" असं म्हणत त्यांनी रस्त्याकडं पाहिलं, मग पत्र्याखाली उभ्या असलेल्या गाडीकडं, मग माझ्या हाताकडं. तिथंच पायरीवर खाली बसले. अक्का पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली होती.

माय मात्र इंजिन चढलं तेव्हाच उठली होती. तिनं रांजणातून तांब्या भरला, बाहेर आली आणि दारातल्या दगडावर पाणी ओतलं. एकदम नाही... आधी जरासं, मग थांबून जरासं, एका पायावर आणि मग दुसऱ्या पायावर ओततात तसं. रिकामा तांब्या घेऊन ती थोडा वेळ उभी राहिली. मग आत जाऊन बसली.

"सुनंदा, वाढ मला."

अक्कानं झाकलेलं ताट समोर सरकवलं. मायनं जेवायला सुरुवात केली. आम्ही दोघं भावंडं खांबाला धरून तिच्याकडं बघत होतो. पुरी भाकरी खाल्ली तिनं. हात धुतला, पदराला पुसला आणि म्हणाली, "ह्ये घरी आले. आता गेले म्हना. सांगा समद्यांला."

आणि मग ती रडली. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो आणि मलाही रडू आवरलं नाही. दादा गेल्याचं मलासुद्धा त्या दुपारीच कळलं असं म्हणायला हरकत नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बायका बांगड्यांकडं बघायला लागल्या तेव्हा माय म्हणाली, "ह्या ह्यांनी भरवलेल्या हायत. हात लावायचं काम न्हाई." कुणी लावला नाही. दुपारचं जेवण ती परत जेवायला लागली आणि तो हिवाळा तिनं काढला. त्यानंतरचेही बरेच काढले.

आणि गाडी? दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोच कार्बोरेटर, तीच सुई, तोच फ्लोट, काहीही न बदलता परत बसवला. पहिल्या किकला सुरू झाली. त्यानंतर कितीतरी वर्षं मी ती चालवली, एकदाही ओव्हरफ्लो झाली नाही. माय फक्त एवढंच म्हणाली, "चालव तू. पर गिरनीपाशी बंद करू नगस. तो आवाज ह्यांचा." मी दारापर्यंत इंजिन चालू आणायचो आणि चावीनं बंद करायचो.

मी शक्यता तपासल्या नसतील असं समजू नका. दुसरी एखादी गाडी रस्त्यानं गेली म्हणावी, तर ती दिसली का नाही? आम्हाला भास झाला म्हणावा, तर मायला, मला, अक्काला आणि समोरच्या रहीमचाचांना एकच भास एकाच वेळी कसा? चाचा मरेपर्यंत तेच सांगत राहिले. शब्दसुद्धा बदलला नाही त्यांनी. आणि सुट्या पडलेल्या कार्बोरेटरचं काय करायचं? पेट्रोल नाही, करंट नाही. माझ्या दोन कारणांत ते बसत नाही आणि तिसरं कारण मला आजही माहीत नाही. पोरांना मात्र पुढं रिटायर होईपर्यंत दोनच कारणं शिकवली. दुसरं काय शिकवणार?

एक राहिलं. चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. वस्तीत गुलाल नाही, नीळ उधळली. ज्यासाठी इतकी घरं जळाली ते अखेर झालं, आणि ते बघायला दादा नव्हते. माय म्हणाली, "चल, ह्यांला सांगून येऊ." तिला फटफटीवर मागं बसवून मी गंगाखेडच्या पुढं त्या बाभळीपाशी घेऊन गेलो. पाणी खाली गेलं होतं. ती काठावर उभी राहून काहीतरी बोलली, मी लांबच थांबलो.

परत येताना ऊन कलायला लागलं होतं. गिरणी दिसली तशी तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हितंच बंद करायचे नव्हं?"

"हो."

"कर मंग."

मी वाकून कॉक बंद केला. चालत्या गाडीवर, जन्मात पहिल्यांदा. ठिगळ झणझणत राहिलं, मग इंजिन चढलं आणि विझलं. गाडी घरंगळत गेली आणि चार घरं अलीकडंच थांबली. मी उभ्या उभ्या पायानं रेटून पाहिलं, ती पुढं सरकेना. नंतरही मी कितीदा करून पाहिलंय. कधी अलीकडं राहते, कधी पुढं निघून जाते, दार काही सापडत नाही.

माय खाली उतरली. "न्हाई जमलं तुला," ती म्हणाली, "ह्यांची दारात थांबायची." मग तिनं पदर खोचला, मागून गाडीला हात लावला, आणि आम्ही दोघांनी ती ढकलत दारापर्यंत आणली.